अकरा गाणी, साठ हजार रुपये आणि पुण्याची बस

वाचकाचं पत्र: मी मिरजेत राहते, वय २४. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या आहेत. तीन वर्षांपासून मराठीत ऑल्टरनेटिव्ह रॉकची गाणी लिहिते, चाली लावते. अकरा गाणी झाली. आम्ही तिघं आहोत. मी गाते आणि गिटार वाजवते. बेसवाला आणि ड्रमर दोघंही लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतात. सराव केला की दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसतो. साठ हजार रुपये साठवलेत. एक गृहस्थ म्हणतात, ‘अकराही गाणी माझ्या चॅनेलवर काढू, खर्च माझा, तू फक्त पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही कर.’ मैत्रीण म्हणते, नोकरी सोड आणि पुण्याला ये. वडील म्हणतात, ऑर्केस्ट्रात गा, निदान रोख पैसे मिळतील. काय करू? — ‘तिघांतली एक’, मिरज

उत्तर:

सही करू नकोस. बाकीच्या प्रश्नांना महिनाभर उशीर झाला तरी चालेल, हा मात्र आजचा प्रश्न आहे.

कायद्याच्या नजरेत एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल तू कागदावर उतरवलीस तेव्हाच तुझी झाली, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तुझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. ध्वनिमुद्रणाचं तसं नाही. ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करवलं त्याचं ते, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे ‘खर्च माझा’ या दोन शब्दांतच अकरा ध्वनिमुद्रणांची मालकी तिकडे जाते. स्टॅम्प पेपरवर बहुधा शब्द आणि चालही मागितली असेल.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी लागतो. त्यात कुठलं गाणं, कुठले हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे त्या गृहस्थांच्या वकिलालाही माहीत असतं, म्हणून अशा कागदात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द हटकून सापडतात. कागद वाचताना आधी तेच शोध. २०१२ च्या दुरुस्तीनं एक आधार दिला आहे. ध्वनिमुद्रणातल्या शब्दांचा आणि चालीचा रॉयल्टीतला समान वाटा लेखक-संगीतकाराला वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही देऊन टाकता येत नाही. तसं कलम असेल तर ते टिकणार नाही. पण टिकत नाही हे सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं, म्हणून सहीच न करणं स्वस्त.

त्या गृहस्थांशी भांडायचं कारण नाही. त्यांना एवढंच सांग: ‘एक गाणं, दोन वर्षं, फक्त तुमच्या चॅनेलवर दाखवायची परवानगी, मालकी माझी.’ त्यांना गाणं आवडलं असेल तर हे मान्य होईल. नाही म्हणाले तर त्यांना काय हवं होतं ते तुला कळेल.

असाच एक कागद तुम्हा तिघांतही हवा, आणि तो मैत्री चांगली असतानाच करायचा असतो. प्रत्येक गाण्याला एक पान पुरे: नाव, तारीख, शब्द कुणाचे किती टक्के, चाल कुणाची किती टक्के, ध्वनिमुद्रणात कुणाचा किती वाटा, खाली तिघांच्या सह्या. अमेरिकेतल्या आर.ई.एम. बँडनं गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर सारखं लावलं. पुढं ड्रमर बाहेर पडला, तरी बँड तीस वर्षं टिकला. तू शब्द आणि चाल दोन्ही घेऊन येतेस, तेव्हा त्यांचंच अनुकरण कर असं आम्ही म्हणणार नाही. शब्द पूर्ण तुझे ठेव. चालीत जिथं बेसच्या तुकड्यावर गाणं उभं आहे तिथं बेसवाल्याला वाटा दे, आणि ध्वनिमुद्रणाचा वाटा तिघांत सारखा कर. मग आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सभासदत्व घे, लेखक आणि संगीतकार दोन्ही म्हणून. गाणी प्रसिद्ध झाल्यावर तिथं एकेक नोंदवत जा. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी ऐच्छिक आहे. शब्दांना आणि चालीला प्रत्येकी ५०० रुपये शुल्क पडतं. सगळ्यांत जवळची वाटणारी दोन गाणी नोंदव, अकराही नकोत.

आता पुणे. तिथं वाजवायला जा, राहायला नको. निदान एवढ्यात नको. पुणं सुमारे २३० किलोमीटरवर आहे. रात्रीच्या बसनं जाऊन, वाजवून, सोमवारी सकाळी तू यार्डात पोहोचू शकतेस. तिथं भाडं भरायला लागलीस की त्या भाड्यासाठी दुसऱ्यांची गाणी गावी लागतात आणि स्वतःची मागं पडतात. लहान गावातून हे होत नाही असंही नाही. आर.ई.एम. १९८० साली जॉर्जियातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात सुरू झाला. १९८१ ला पहिली रेकॉर्ड, १९८३ ला पहिला अल्बम, आणि मधल्या काळात व्हॅनमधून गावोगाव फिरणं. मात्र त्यांच्याकडे कॉलेजांची रेडिओ केंद्रं आणि छोटे क्लब होते, ते सांगलीत नाहीत. ती उणीव तुला प्रवासानं भरून काढावी लागेल. ऑक्सफर्डजवळच्या शाळेत १९८५ मध्ये जमलेल्या रेडिओहेड या इंग्लिश बँडचं उदाहरण तुला जास्त लागू पडतं. मुलं विद्यापीठांत पांगली, सुट्ट्यांत भेटून सराव करत राहिली, आणि कंपनीशी करार झाला तो १९९१ मध्ये. सहा वर्षं त्यांनी दुसरं काही सांभाळत गाणी केली. हळदीच्या हंगामात तुला श्वास घ्यायला फुरसत नसणार. त्या महिन्यांत फक्त लिही, मुद्रण आणि कार्यक्रम पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत धर.

वडिलांचं म्हणणं पूर्ण टाकाऊ नाही. ऑर्केस्ट्रात मंचावरची भीती जाते, आणि वीज गेली, तार तुटली तरी पुढं कसं रेटायचं ते कळतं. पण चार तास वेगवेगळ्या गायिकांच्या आवाजात गाणं हे गळ्यालाही जड आणि तुझ्या स्वतःच्या आवाजालाही घातक. महिन्यातून दोन कार्यक्रम घे, आणि आपल्या सरावाच्या आदल्या दिवशी एकही नको.

आवाज बसतो त्याचं कारण बहुतेक गळ्यात नसून खोलीत आहे. स्लॅबच्या छोट्या खोलीत खरा ड्रमसेट वाजला की सिंबलचा आवाज चारही भिंतींवरून परत येतो. तुला स्वतःचं काही ऐकू येत नाही आणि तू नकळत ओरडतेस. ड्रमरला काठ्यांऐवजी रॉड्स (बारीक काड्यांच्या जुड्या) वापरायला सांग. गिटारचा अँप जमिनीवर असेल तर त्याचा आवाज तुझ्या पोटऱ्यांना लागतो, कानाला नाही, आणि तू तो वाढवत जातेस. तो खुर्चीवर, कानाकडे तिरका ठेव, म्हणजे निम्म्यावर भागेल. माइकला मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुलाच ऐकवणारा स्पीकर, हवाच, आणि तो माइकच्या पाठीमागे, तुझ्या तोंडाकडे वळवलेला. नेहमीचा कार्डिऑइड माइक मागून सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे शिट्टी येत नाही. माइकची जाळी मुठीत धरलीस तर तो सगळीकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू होते.

दुसरं कारण पट्टीचं. हार्मोनियमवर शिकलेल्या मुली पट्टी ‘सा’वरून ठरवतात. रॉकमध्ये ती गाण्याच्या सगळ्यात उंच स्वरावरून ठरवायची असते. शेवटच्या कोरसमधला तो स्वर ‘आ’कारात, पूर्ण जोरात, लागोपाठ तीनदा लाव. तिसऱ्यांदा गळा आवळला तर पट्टी अर्धा स्वर खाली घे. गिटारवर पांढरी पाच (जी), पांढरी सहा (ए), पांढरी तीन (ई) सोप्या, म्हणून बहुतेक बँड तिथंच अडकतात आणि गायिकेचा गळा त्याची किंमत मोजतो. तुला काळी चार हवी असेल तर पहिल्या घरावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी-चे आकार वाजव, किंवा सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून ए-चे. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नकोस, त्यानं विश्रांती मिळत नाही. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहून घे. ओरडून, फाटक्या आवाजात गायचं असेल तर ते तंत्र वेगळं शिकावं लागतं. नुसता जोर लावून स्वरतंतूंवर गाठी येतात.

तू गाण्यांबद्दल पत्रात एकच ओळ लिहिलीस, आणि खरी मेख तिथं आहे. मराठी ओळ आठ मात्रांच्या आवर्तनात सहज बसते. समेवर शब्द सुरू झाला, चौथ्या-आठव्या मात्रेवर थांबला, की मागं कितीही गिटार वाजो, ते भावगीत वाटतं. यावर उपाय ओळ समेच्या नंतर, अर्धी मात्रा सोडून सुरू करण्याचा आहे. कधी ओळ चारऐवजी तीन आवर्तनांत संपव आणि चौथं बेसला मोकळं दे. बोलताना जिथं श्वास घेतो तिथंच ओळ तोड. ‘मला आता घरी जायचं नाही’ हे वाक्य तू आईला जसं म्हणशील त्याच चढ-उतारावर चाल बांध, मग बघ तीच ओळ किती वेगळी उभी राहते.

शब्दाच्या शेवटाकडे लक्ष दे. ‘वाट’, ‘पाऊस’, ‘रात’ असे शब्द व्यंजनावर बंद होतात. लांब स्वरावर ते ओढताना शिकलेला गळा शेवटी ‘अ’ जोडतो, ‘वाट-अ’, आणि रॉकमध्ये तो अ लगेच खटकतो. स्वर ‘आ’वर धरून ट अगदी शेवटी, ड्रमच्या ठोक्याबरोबर मिट. कोरसचा सगळ्यात उंच स्वर शक्यतो आ, ए किंवा ओ वर यावा. ई आणि ऊ उंचावर गळा आवळतात आणि शब्दही ओळखू येत नाही. एवढ्यासाठी कोरसमधला एक शब्द बदलावा लागला तर बदल.

मिरजेत राहतेस म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावलेल्या गिटारवर पूर्ण मेजर कॉर्ड वाजवली की आवाज गढूळ होतो, कारण गंधाराचे आणि बाकी स्वरांचे उपस्वर एकमेकांत भांडतात. म्हणून रॉकवाले फक्त सा आणि प वाजवतात. तेच दोन स्वर तुमच्या गावातले सतारमेकर तंबोऱ्यात जवारी काढून झंकारत ठेवतात. गिटार फक्त सा-प धरते तेव्हा गंधार शुद्ध लावायचा की कोमल हे ठरवायची मोकळीक गायिकेला असते. ऑल्टरनेटिव्ह रॉकमध्ये तुला शिकलेलं सगळं विसरायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मध्यमापर्यंतचा रियाज इथं थेट कामाला येतो. फक्त ताना आणि मुरक्या कोरसमध्ये नकोत. ड्रमच्या गर्दीत त्या ऐकू येत नाहीत, नुसतं हेलकावल्यासारखं होतं.

आणखी एक. या संगीताचा प्राण शांत कडवं आणि अंगावर येणारा कोरस यांतल्या फरकात आहे. बोस्टनच्या पिक्सीज बँडनं १९८६ नंतर ही रचना रुजवली, नर्व्हाना बँडनं ती जगभर नेली. ऑर्केस्ट्रातल्या वादकांना रिकामी जागा भरायची आणि दर चार आवर्तनांनी रोल घ्यायची सवय असते. तुझ्या दोघांना कडव्यात फक्त बेस आणि हाय-हॅट एवढंच वाजवायला लाव, गिटार पूर्ण बंद. पहिल्यांदा त्यांना ओकंबोकं वाटेल. त्याचं मुद्रण मोबाइलवर ऐकव, मग त्यांना पटेल.

साठ हजारांत अकरा गाणी करू नकोस, तीन कर. एक दिवस चांगल्या खोलीच्या स्टुडिओत फक्त ड्रम आणि बेस, त्यासाठी जाण्यायेण्यासकट २० हजार. मिक्सिंग-मास्टरिंगला २०. इंटरफेस (माइक आणि गिटार संगणकाला जोडणारी पेटी), माइक, केबल यांना १५, जुनं मिळालं तरी चालेल. ५ राखीव. व्हिडिओला काही नाही. स्टुडिओचा दिवस वाया जातो तो बहुधा क्लिकमुळं (कानात वाजणारी लयीची टिकटिक), म्हणून आधी महिनाभर तिघांनी हेडफोनवर क्लिक लावून सराव करा, आणि ड्रमची वरची कातडी नवी घाला. गिटार आणि गाणं घरी मुद्रित कर. पंखा बंद, कपाटं उघडी, पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या. माइक एक वीत लांब, तोंडापासून किंचित बाजूला, कारण ख, फ, भ, ठ यांचा झोत सरळ आत गेला की धप्प आवाज येतो; उरलेला १०० हर्ट्झच्या खाली कापून टाक. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मुद्रण करू नकोस, स्क्वेअर वेव्हवाल्याची गुरगुर गिटारच्या पिकअपमध्ये येते. फाइल २४ बिटची ठेव, पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. मिक्स ऐकताना एकच प्रश्न विचार: शब्द कळतात का? नसतील कळत तर गाणं मोठं करायच्या आधी गिटारमधला २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग उतरवायला सांग, व्यंजनं तिथंच दडलेली असतात. आणि मास्टर चेपून मोठं करायच्या मागं लागू नकोस. स्पॉटिफाय सगळंच उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, चेपलेलं गाणं तिथं फक्त लहान होतं आणि तुझ्या कोरसची उडी जाते. पैसे चुकते करताना सुट्या ट्रॅकच्या फाइल आणि शब्दांशिवायचं मिक्सही मागून घे, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेव.

कार्यक्रमांसाठी ४० मिनिटांचा सेट बांध, आठ गाणी पुरतात. आमच्या भागातले साउंडवाले कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड थेट मिक्सरला लावणारे. तुझं डिस्टॉर्शन पेडल त्यांनी तसंच लावलं तर मधमाश्यांसारखा आवाज येईल, कारण अँपचा स्पीकर आवाजातला वरचा कर्कश भाग गाळतो, मिक्सर गाळत नाही. कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरची नक्कल) असलेलं मल्टिइफेक्ट पेडल घे किंवा अँपसमोर माइक माग. एका कागदावर कोण कुठं उभं राहणार आणि मिक्सरच्या कुठल्या चॅनेलला काय लागेल ते काढून आदल्या दिवशी पाठव. ‘इको’ पूर्ण बंद ठेवायला स्वतः सांग, नाहीतर तुझे शब्द त्यातच बुडतील. ड्रमरनं स्नेअर, सिंबल आणि पेडल आपलं न्यावं, बाकी तिथलं चालेल. रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा तुमची वेळ ८ च्या आत लावून घे. आधीचे कार्यक्रम लांबतात आणि कात्री शेवटच्यांवर चालते.

मांडवात जनरेटर असेल तर अर्थिंगची खात्री नसते. एक हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला, असं झालं की शॉक सरळ तुझ्यातून जातो. गाण्याआधी गिटारची तार माइकच्या जाळीला टेकवून बघ. ठिणगी उडाली किंवा टेस्टर पेटला तर अर्थिंग नीट होईपर्यंत गायचं नाही, आयोजक कितीही घाई करोत.

तीन गाण्यांपैकी पहिलं काढताना बँडचं नाव आधी शोधून बघ, त्याच नावाचं दुसरं कुणी असेल तर गाणी त्यांच्या पानावर जातात. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, भाषा मराठी, प्रसिद्धीची तारीख फाइल चढवल्यापासून चार आठवडे पुढची. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी द्यावं लागतं. फुकटचे तयार लूप वापरू नकोस, तेच लूप दुसऱ्यानं वापरलेले असतात आणि यूट्यूबवर तुझ्याच गाण्यावर दावा येतो. वर्षभरात १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय पैसे देत नाही, म्हणून तीन गाणी सहा-सहा आठवड्यांच्या अंतरानं काढ आणि मधल्या काळात प्रत्येकासाठी दोन ठिकाणी वाजव: एक सांगली-कोल्हापुरात, एक पुण्यात. पुण्यातला पहिला कार्यक्रम त्या मैत्रिणीलाच लावायला सांग. तिला तू तिथं हवी आहेसच.